पो नदीच्या उत्तरेला: ऑस्ट्रोगॉथांचं राज्य टिकलं असतं तर?

रॅव्हेना हे इटलीच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं शहर. तिथल्या सांत अपोलिनारे नुओव्हो या चर्चमध्ये शिरलं की उजव्या भिंतीवर, दाराजवळच, एका राजवाड्याचं मोझेक आहे. सोनेरी रंग, पांढरे खांब, खांबांमधल्या कमानींत गाठ मारून सोडलेले पडदे. घाईतला माणूस एक नजर टाकून पुढे जातो. थोडं थांबलं तर काही खांबांवर काहीतरी चिकटल्यासारखं दिसतं. ते हात आहेत. हाताचा पंजा दिसतो, थोडं मनगट दिसतं. पण त्या हातांचे धनी चित्रात कुठेच नाहीत.

धनी पडद्यांखाली गेले. मूळ चित्रात त्या कमानींत माणसं उभी होती. बहुधा थिओडोरिक राजाचा दरबारच. राज्य बुडालं आणि ५६१च्या सुमारास हे चर्च कॅथलिक पंथाच्या ताब्यात गेलं. तेव्हा कारागिरांनी माणसं उकरून काढली आणि तिथे पडदे जडवले. हात खांबांवर आले होते. सगळे खांब नव्यानं जडवायचा कुणाला कंटाळा आला असेल, म्हणून ते राहिले.

हे राज्य ऑस्ट्रोगॉथांचं, म्हणजे गॉथ या जर्मन जमातीच्या एका शाखेचं. ४९३ ते ५५२, म्हणजे उणीपुरी साठ वर्षं. हे टिकलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न युरोपच्या इतिहासाचं वेड असलेली मंडळी फार आवडीनं चघळतात. उत्तरंही बहुतेक ठरलेली असतात: मध्ययुगातला तो प्रसिद्ध अंधार पडलाच नसता, आणि १८६१मध्ये जो इटली देश एक झाला तो हजार-बाराशे वर्षं आधीच झाला असता. मला ही उत्तरं पचत नाहीत. प्रश्न मात्र चांगला आहे, कारण तो नीट सोडवायला गेलं तर रोमन जगाचा शेवट नेमका कसा झाला ते कळतं, आणि तो आपण शाळेत शिकलो तसा झालेला नाही.

जर-तरचा खेळ आपल्याला नवा नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, यावर मराठी माणूस रात्र जागवू शकतो. पण खेळ नीट खेळायचा तर काही पथ्यं पाळावी लागतात. बदल एकच करायचा, आणि तोही असा की त्या काळच्या माणसांना तो अशक्य वाटला नसता. त्या क्षणाच्या आधीचं काहीच बदलता येत नाही. मेलेली माणसं मेलेलीच राहतात. आणि ज्यावर कुठल्याच राजाचा हुकूम चालत नाही, म्हणजे साथ, थंडी, अवर्षण, ते सगळं ठरल्या वेळी येणारच. बहुतेक कल्पनाविलास या शेवटच्या पथ्यावर येऊन मोडतात.

आधी मूळ गोष्ट.

४७६मध्ये ओडोआकर नावाच्या सेनापतीनं पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा पोरसवदा बादशहा रोम्युलस ऑगस्टुलस याला गादीवरून उतरवलं, आणि 'रोमचं पतन' म्हणून हे साल पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. प्रत्यक्षात त्या वर्षी इटलीत फारसं काही पडलं नाही. सिनेट भरत होती, कर वसूल होत होते, निकाल रोमन कायद्यानंच लागत होते. पूर्वेकडे कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा होताच, आणि कागदोपत्री आता तोच सगळ्या साम्राज्याचा धनी होता.

थिओडोरिक हा गॉथ राजपुत्र लहानपणी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओलीस होता. साधारण सात-आठ वर्षांचा असताना गेला आणि दहा वर्षं तिथेच वाढला. साम्राज्य आतून कसं चालतं, कुठे गरजतं आणि कुठे नुसतंच खोकतं, हे त्यानं जवळून पाहिलं. पुढे तो आपल्या लोकांना घेऊन बाल्कन प्रदेशात धुमाकूळ घालू लागला, तेव्हा झेनो बादशहानं काट्यानं काटा काढायचं ठरवलं. ४८८मध्ये त्यानं थिओडोरिकला सांगितलं: इटलीत जा, ओडोआकरला हटव, आणि माझ्या वतीनं राज्य कर. तीन-चार वर्षांच्या लढाया आणि रॅव्हेनाचा लांबलेला वेढा यानंतर दोघांनी मिळून राज्य करायचं ठरलं. दहा दिवसांनी मेजवानीत थिओडोरिकनं ओडोआकरला स्वतःच्या तलवारीनं खांद्यापासून कमरेपर्यंत उभा कापला. 'या भामट्याच्या अंगात हाडसुद्धा नव्हतं वाटतं,' असं तो म्हणाल्याचं एका इतिहासकारानं लिहून ठेवलंय.

अशी सुरुवात झालेल्या राजाकडून कुणी कसली अपेक्षा करावी? पण पुढची तेहतीस वर्षं इटलीनं बऱ्याच पिढ्यांत पाहिली नव्हती अशी शांतता अनुभवली. तलवार गॉथांकडे आणि लेखणी रोमनांकडे, अशी विभागणी होती. गॉथांसाठी गॉथ अधिकारी, रोमनांसाठी रोमन न्यायाधीश. सोन्याच्या नाण्यांवर चेहरा कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाचा. थिओडोरिकनं स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं नाही, तो राजाच राहिला. त्याचे हुकूमनामे लिहिणारा कॅसिओडोरस हा खानदानी रोमन कारभारी; त्यानं लिहिलेली सरकारी पत्रं आजही वाचायला मिळतात. जिनोआतल्या ज्यू लोकांनी प्रार्थनास्थळ दुरुस्त करायची परवानगी मागितली, तेव्हा राजाच्या नावानं गेलेल्या उत्तरात एक वाक्य आहे: धर्माच्या बाबतीत आम्ही हुकूम देऊ शकत नाही, कारण मनाविरुद्ध श्रद्धा ठेवायला कुणाला भाग पाडता येत नाही. सहाव्या शतकातला राजा हे लिहितोय. प्रोकोपियस हा इतिहासकार शत्रूच्या गोटातला, गॉथांशी लढलेल्या सेनापतीचा सचिव. पण त्यानंही लिहून ठेवलं की थिओडोरिक नावाला राज्य बळकावणारा होता, प्रत्यक्षात मात्र खरा बादशहा.

परराष्ट्र धोरण सोयरिकींवर उभं होतं. स्वतः फ्रँक राजा क्लोव्हिसची बहीण केली. एक मुलगी स्पेन-गॉलमधल्या व्हिसिगॉथ राजाला, दुसरी बर्गंडीच्या राजपुत्राला, बहीण आफ्रिकेतल्या व्हँडल राजाला, भाची थुरिंगियाच्या राजाला. पश्चिमेकडचं एकही महत्त्वाचं राजघराणं नात्यातून सुटलं नाही. आता यातली मेख: इतक्या मुली उजवलेल्या या माणसाला मुलगा नव्हता.

जावई शोधला. स्पेनमधून युथॅरिक नावाचा, गॉथांच्याच अमल राजकुळातला माणूस आणला आणि ५१५मध्ये त्याच्याशी मुलगी अमलासुंथा हिचं लग्न लावलं. ५१९मध्ये युथॅरिकला खुद्द जस्टिन बादशहाच्या जोडीनं कॉन्सलपद, म्हणजे रोमचं वर्षभराचं मानाचं पद, मिळालं; रोममध्ये खेळ झाले, आफ्रिकेतून जनावरं आली. वारस ठरला, कॉन्स्टँटिनोपलनं मान्यही केला. आणि ५२२च्या सुमारास तो सासऱ्याआधीच मेला.

त्यानंतर म्हाताऱ्या थिओडोरिकचा तोल गेला. बादशहाशी संगनमताच्या संशयावरून बोएथियस या विद्वान मंत्र्याला ५२४च्या आसपास मारलं, मग त्याच्या सासऱ्याला. पोप जॉन तुरुंगात मेला. ३० ऑगस्ट ५२६ला राजा स्वतः गेला. रॅव्हेनातल्या त्याच्या समाधीवर एकाच दगडात कोरलेला घुमट आहे, व्यास दहा मीटरच्या आसपास आणि वजन दोनशे टनांहून जास्त. एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या इस्ट्रियातून तो आणला कसा आणि चढवला कसा, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. मागे राहिली विधवा मुलगी आणि आठ-दहा वर्षांचा नातू अथॅलरिक.

अमलासुंथा हुशार होती, ग्रीक-लॅटिन शिकलेली. मुलालाही तिनं पंतोजी लावून दिले. एकदा तिनं मुलाला मारलं आणि तो रडत पुरुषांच्या दालनात गेला. गॉथ सरदार बिथरले. त्यांचं म्हणणं: जो छडीला भ्यायला शिकला तो भाल्यापुढे कसा उभा राहील? थिओडोरिक असंच म्हणायचा, हाही दाखला त्यांनी दिला. बाईला माघार घ्यावी लागली. पोरगा समवयस्क गॉथ मुलांच्या संगतीत पडला, पिऊ लागला, आणि ५३४मध्ये, विशी गाठायच्या आत, खंगून मेला. दरम्यान अमलासुंथानं पळून जायची तयारीही करून ठेवली होती. प्रोकोपियस सांगतो, ४०,००० पौंड सोनं भरलेलं एक जहाज तिनं समुद्रापलीकडे डिराकियमला पाठवून दिलं होतं आणि जस्टिनियन बादशहाकडे आसरा मागितला होता. जहाज तिकडे थांबलेलं असताना तिनं इकडे आपल्या तीन प्रमुख विरोधकांचा काटा काढला. मग जहाज परत बोलावलं.

मुलगा गेल्यावर तिनं आपला आतेभाऊ थिओडाहाद याला भागीदार राजा केलं. हा तस्कनीतला बडा जमीनदार, प्लेटो वाचणारा, आणि शेजाऱ्यांचे बांध कोरण्यात पटाईत. शेजारी असणं हेच त्याला संकट वाटायचं, असं प्रोकोपियस म्हणतो. त्यानं काही महिन्यांतच अमलासुंथाला बोल्सेना तळ्यातल्या बेटावर कैदेत टाकलं आणि ५३५मध्ये तिचा खून झाला. जस्टिनियनला निमित्त हवंच होतं. आदल्याच दोन वर्षांत त्याच्या बेलिसॅरियस या सेनापतीनं आफ्रिकेतलं व्हँडल राज्य झपाट्यानं जिंकलं होतं, आणि त्या स्वारीला सिसिलीत घोडे आणि रसद पुरवणारे गॉथच होते.

राज्य वाचवायला नेमकी कुठली कडी बदलायची?

पहिला मोह समुद्राचा. आयुष्याच्या अखेरीस थिओडोरिकनं एक हजार जहाजांचं आरमार बांधायचा हुकूम दिला होता; कॅसिओडोरसच्या पत्रांत तो आहे, सुरू आणि पाइनची झाडं शोधा, नावाडी गोळा करा वगैरे तपशिलांसकट. राजा मेला आणि त्या आरमाराचं पुढे काही ऐकू येत नाही. ५३५मध्ये बेलिसॅरियस अवघे साडेसात हजार लोक घेऊन सिसिलीत उतरला, तेव्हा त्याला समुद्रात अडवणारं कुणी नव्हतं. आरमार असतं तर? प्रश्न रास्त, पण जहाजं नुसती बांधून भागत नाही, ती वर्षानुवर्षं पोसावी लागतात, आणि पोरगेल्या राजाच्या दरबारात ती पहिल्यांदा कुजतात.

दुसरा मोह युथॅरिक जगण्याचा. हा खरा लोकप्रिय पर्याय, आणि वरवर पाहता सोपा. धडधाकट वारस, बादशहाची मान्यता, वर स्पेनमधलं नातं. पण युथॅरिकबद्दल जे थोडं लिहिलेलं सापडतं त्यात तो कडक स्वभावाचा आणि कॅथलिकांवर डूख धरणारा म्हणून येतो. गॉथ लोक एरियन पंथाचे. येशू हा देवाचा पुत्र खरा, पण पित्याच्या बरोबरीचा नाही, असं मानणारे. इटलीची रोमन प्रजा कॅथलिक. थिओडोरिकनं हा निखारा राखेखाली ठेवला होता; जावयानं फुंकर घातली नसती असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय जस्टिनियनची महत्त्वाकांक्षा काही अमलासुंथाच्या खुनातून जन्मली नव्हती.

माझं बोट ५४० या वर्षावर जातं. त्या वर्षी गॉथ राज्य वाचल्यातच जमा होतं, लेखी स्वरूपात.

तोवर पाच वर्षं युद्ध चाललं होतं. थिओडाहादनं आधी सिसिली, दरवर्षी ३०० पौंडांचा सोन्याचा मुकुट आणि मागाल तेव्हा ३,००० गॉथ सैनिक देऊ केले. तेवढ्यानं भागलं नाही तर १,२०० पौंड उत्पन्नाच्या जमिनीच्या बदल्यात अख्खी इटली सोडायचीही तयारी दाखवली. मग डाल्मेशियात बादशहाचा सेनापती पडल्याची बातमी आली आणि यानं शब्द फिरवला. ५३६मध्ये नेपल्स गेलं (बेलिसॅरियसची माणसं कोरड्या जलसेतूच्या बोगद्यातून रांगत शहरात शिरली), गॉथांनी थिओडाहादला काढून व्हिटिगीस हा लढवय्या राजा निवडला, आणि डिसेंबरात बेलिसॅरियस रोममध्ये शिरला. व्हिटिगीसनं ५३७च्या मार्चपासून वर्षभर रोमला वेढा घातला. गॉथांनी शहराला पाणी आणणारे चौदाच्या चौदा जलसेतू तोडले. त्याच पाण्यावर पिठाच्या चक्क्या फिरायच्या, त्या बंद पडल्या. बेलिसॅरियसनं टायबर नदीत पुलाखाली, जिथे पाण्याला ओढ असते तिथे, दोन-दोन होड्या दोरखंडांनी बांधून मध्ये चाकं बसवली आणि तरंगत्या चक्क्यांवर शहराचं दळण चालू ठेवलं. गॉथांनी वरून ओंडके आणि प्रेतं सोडून चाकं मोडायला सुरुवात केली, तर त्यानं नदीवर साखळी ताणली. वेढा अखेर उठला.

५४०पर्यंत व्हिटिगीस रॅव्हेनात कोंडला गेला होता. पण जस्टिनियनला दुसरीकडून घाम फुटला होता. व्हिटिगीसचे वकील इराणच्या शाह खुसरोपर्यंत पोहोचले होते आणि पूर्व सरहद्द पेटायच्या बेतात होती. बादशहानं डॉम्निकस आणि मॅक्सिमिनस या दोन सिनेटरांना तहाचा मसुदा देऊन पाठवलं: उत्तर इटलीतून पूर्वेला वाहणाऱ्या पो नदीच्या उत्तरेचा मुलूख गॉथांचा, दक्षिणेचा बादशहाचा, आणि राजखजिना निम्मा-निम्मा. व्हिटिगीस तयार. गॉथ तयार. बेलिसॅरियसनं मात्र सही करायला नकार दिला. त्याला पूर्ण विजय आणि बेडीतला राजा हवा होता. त्याची सही नाही म्हटल्यावर गॉथांना त्यात दगा दिसला, आणि त्यांनी वेगळीच युक्ती काढली: तूच पश्चिमेचा बादशहा हो. बेलिसॅरियसनं होकार दिल्यासारखं दाखवलं, धान्याची जहाजं घेऊन मे महिन्यात रॅव्हेनात शिरला आणि शहर ताब्यात घेतलं. शत्रू धिप्पाड आणि असंख्य आहेत असं नवऱ्यांकडून ऐकलेल्या गॉथ बायकांनी ती चिमूटभर फौज रस्त्यातून जाताना पाहिली, आणि नवऱ्यांच्या तोंडावर थुंकल्या. पुढच्याच महिन्यात खुसरोनं सिरियातलं अँटिओक शहर जाळलं.

आपला बदल एवढाच: बेलिसॅरियस बादशहाचा हुकूम पाळतो आणि सही करतो. हुकूम पाळणं यात अशक्य काही नाही. तसा प्रदेश गॉथांच्या हातात होताच, हेही लक्षात घ्या. खऱ्या इतिहासात रॅव्हेना पडल्यावरही व्हेरोना आणि पाव्हिया त्यांच्याकडे राहिली, तिथूनच त्यांनी पुन्हा डोकं वर काढलं, आणि व्हेरोना तर राज्य संपल्यावरही ५६०च्या दशकाच्या आरंभापर्यंत झुंजत होतं. तहात लिहिलेली सीमा हवेतून काढलेली नव्हती.

रॅव्हेना पोच्या दक्षिणेला, म्हणजे ती गेली. राजधानी पाव्हिया किंवा व्हेरोना. दोन्हीकडे थिओडोरिकनं वाडे बांधले होते. मिलान ५३९मध्येच गॉथ आणि बर्गंडियन फौजांनी बेचिराख केलं होतं, ते तसंच भग्न. प्रोव्हान्स फ्रँकांना देऊन टाकलेलं, ते परत येत नाही. बोएथियस मेलेलाच. म्हणजे आपल्या हाती उरतं ते लहान, जखमी, निम्मा खजिना घेतलेलं मांडलिक राज्य. सगळ्या इटलीचं, सिनेटसकटचं थिओडोरिकचं राज्य ५४०मध्ये कुठल्याच युक्तीनं परत मिळत नाही. 'गॉथ टिकले असते तर' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ५१०ची इटली असते, आणि तिथेच गाडी घसरते.

या तहानं गॉथांचं फार भलं झालं नसतं. भलं झालं असतं ते दक्षिणेचं, आणि मुख्यतः रोमचं.

कारण खऱ्या इतिहासात ५४० हा युद्धाचा मध्यही नव्हता. बेलिसॅरियस परत गेला, बादशहाच्या करवसुली अधिकाऱ्यांनी इटली पिळायला घेतली, सैनिकांचे पगार थकले, आणि ५४१मध्ये गॉथांना टोटिला नावाचा तरुण राजा मिळाला. त्यानं जमीनदारांच्या गुलामांना आणि बांधील कुळांना आपल्या फौजेत घेतलं, नेपल्स घेतलं, आणि डिसेंबर ५४६मध्ये रोमही. उपासमारीनंतर शहरात सामान्य लोक उरले होते फक्त पाचशे, असं प्रोकोपियस म्हणतो. आकड्यात मीठमसाला असेल. टोटिलानं तटबंदीचा काही भाग पाडला, उरलेल्यांना हाकललं, आणि चाळीस दिवसांहून अधिक काळ रोममध्ये माणूस नव्हता, नुसती जनावरं, अशी एका समकालीन बखरीत नोंद आहे. त्यानंतर शहर आणखी तीनदा हात बदलून शेवटी ५५२मध्ये बादशहाकडे गेलं. त्या वर्षी टोटिला टॅजिनीच्या लढाईत पडला. त्याआधी मदत यायला वेळ मिळावा म्हणून दोन्ही सैन्यांच्या मध्ये घोड्यावर बसून भाला हवेत फेकत-झेलत तो नाचत होता. त्याचा वारस तेया यानं ओलीस ठेवलेली रोमन घराण्यांची तीनशे मुलं मारून टाकली आणि मग व्हेसुव्हियसच्या परिसरात लढत स्वतःही मेला.

तीनशे मुलं! सिनेट कशी संपली, याचं उत्तर कुठल्या हुकुमात नाही, ते इथे आहे. पिढी संपली, उरलेले सिसिलीला आणि कॉन्स्टँटिनोपलला गेले. सातव्या शतकाच्या आरंभानंतर सिनेटचा मागमूस लागत नाही आणि ६३०च्या सुमारास सभागृहाचं चर्च झालं. रोमला मोडलं ते ४७६नं नाही, ते ५४० नंतरच्या बारा वर्षांनी. तह टिकला असता तर ही बारा वर्षं वजा होतात. जलसेतू हळूहळू दुरुस्त होतात, सिनेट एक शोभेची नगरसभा म्हणून का होईना आणखी काही पिढ्या भरते. पोप मग एकटा पडत नाही, आणि गमतीचा भाग असा की तो तितका मोठाही होत नाही. मोडक्या शहरात धान्य वाटणारा, तह करणारा, भिंती दुरुस्त करणारा एकमेव माणूस म्हणूनच तर पुढच्या पोपांची ताकद वाढली.

कॅसिओडोरसची एक योजना यात आठवते. ५३५-३६च्या सुमारास पोप अगापेटसबरोबर त्यानं रोममध्ये ख्रिस्ती विद्यापीठासारखं काही काढायचं ठरवलं होतं, पण युद्धानं ते राहिलं. पुढे त्यानं दक्षिणेत आपल्या गावाकडच्या जमिनीवर मठ काढला आणि भिक्षूंकडून ग्रंथांच्या नकला करवून घेतल्या. शांतता असती तर ते काम रोममध्ये, भर शहरात, गृहस्थ विद्यार्थ्यांत झालं असतं का? शक्य आहे. ५४०मध्ये उशीर झाला होता हेही शक्य आहे.

आता पथ्यं पाळायची वेळ. ५३६ साली कुठेतरी मोठा ज्वालामुखी फुटला आणि युरोपवर धुळीचा पडदा आला. कॅसिओडोरसनं आपल्या साहाय्यकाला लिहिलेल्या पत्रात सूर्य निळसर दिसतो, भर दुपारी आपल्याच अंगाची सावली पडत नाही, असं म्हटलंय. पीक जाणार हे ओळखून जुन्या साठ्यावर भागवायची सूचनाही दिलीय. त्या सुमारास पाव्हिया आणि डर्टोनाची सरकारी कोठारं लोकांसाठी उघडावी लागली. पुढची काही दशकं थंडच गेली. आणि ५४१मध्ये इजिप्तमधून निघालेला प्लेग ५४३पर्यंत इटलीत पोहोचला. तो सही पाहून थांबणार नव्हता. पाव्हियाच्या गॉथ राजाकडे माणसंच कमी. सगळा गॉथ समाज मिळून लाखाच्या आसपास असावा असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यातले लढाऊ पुरुष किती, आणि प्लेगनंतर किती?

भाषेचंही तेच. गॉथिक भाषेतलं बायबल जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईनं लिहिलेलं आहे, बहुधा थिओडोरिकच्याच काळात रॅव्हेनात. त्याच्या ३३६ पानांपैकी १८८ उरलीत आणि जवळजवळ सगळी स्वीडनमध्ये उप्साला इथे आहेत. राज्य टिकलं असतं तर उत्तर इटलीत आज गॉथिक बोलली गेली असती, असं काही उत्साही लोक सांगतात. शेजारी काय झालं ते पाहिलं तर उत्साह ओसरतो. स्पेनमधलं व्हिसिगॉथ राज्य खरोखरच टिकलं, ७११पर्यंत. तिथल्या रेकारेड राजानं ५८९मध्ये टोलेडोच्या धर्मसभेत राज्याचा पंथ कॅथलिक असल्याचं जाहीर केलं. वेगळं चर्च गेलं आणि त्याबरोबर गॉथिक पोथ्यांची गरजही गेली. लोक केव्हाच लॅटिनची बोली बोलू लागले होते. पाव्हियात याहून वेगळं घडायचं काही कारण मला दिसत नाही. फार तर त्या बायबलच्या आणखी दोन-चार प्रती हाती लागल्या असत्या, आणि भाषाशास्त्रज्ञांसाठी तेही घबाडच.

जस्टिनियननं तह मोडला नसता का? मनात असूनही त्याला ते जमलं नसतं. इराणशी युद्ध ५४०ला सुरू झालं आणि पक्का तह ५६२मध्ये झाला. ५६५मध्ये तो वारला. मधल्या काळात साम्राज्यात प्लेग, तिजोरी रिकामी. खरा धोका फ्रँकांचा. त्यांचा राजा थ्यूडेबर्ट ५३९मध्येच आल्प्स उतरून दोन्ही बाजूंना लुटून गेला होता, आणि पुढे ईशान्य इटलीतल्या व्हेनेशिया प्रांताचा बराच भाग त्यानं गिळला. तेव्हा पाव्हिया आणि कॉन्स्टँटिनोपल यांना एकमेकांची गरज पडली असती. बादशहाला आल्प्सवर पहारेकरी हवा, गॉथांना पाठ राखणारा.

आणि मग ५६८ येतं. लोम्बार्ड लोक पॅनोनियात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या बाजूला राहत होते. खऱ्या इतिहासात नार्सेस या सेनापतीनं टोटिलाविरुद्ध त्यांच्यातले पाच हजारांहून जास्त लोक भाड्यानं आणले, आणि त्यांनी इतका उच्छाद मांडला की विजयानंतर पैसे मोजून त्यांना सरहद्दीबाहेर सोडून यावं लागलं. त्यांनी इटली पाहिली ती तेव्हा. सोळा वर्षांनी अल्बोइन राजा सगळी जमात घेऊन फ्रिउलीच्या खिंडीतून उतरला. आपल्या कथेत ती भाडोत्री मोहीमच होत नाही. पण पूर्वेकडून आवार लोकांचा रेटा आहेच, त्यामुळे लोम्बार्ड आज ना उद्या त्या खिंडीत येणार, आणि समोर उभे राहणार ते गॉथ.

इथे बरेच जण हात टेकतात: गॉथ जाऊन लोम्बार्ड आले, फरक काय पडला? पण एक गोष्ट पाहा. अल्बोइनला खऱ्या इतिहासात बहुतेक शहरं जवळपास लढाईवाचून मिळाली, कारण युद्धानं आणि साथीनं देश रिता झाला होता आणि राखायला फौज नव्हती. एकट्या पाव्हियानं तरीही सुमारे तीन वर्षं वेढा सोसला. त्या तटांमागे स्वतःचं राजघराणं, निम्म्या खजिन्याचं उरलंसुरलं सोनं आणि पोच्या दक्षिणेला बादशहाची शाबूत फौज असती, तर अल्बोइनला फ्रिउली आणि व्हेनेशियावर समाधान मानावं लागलं असतं असा माझा अंदाज. दक्षिणेत स्पोलेटो आणि बेनेव्हेन्टोच्या लोम्बार्ड जहागिरी उभ्या राहिल्या नसत्या, आणि इटलीचे तीन तुकडे झालेच असते, फक्त रेषा वेगळ्या.